डिव्हिडंड आणि ऑप्शन विकून उत्पन्न: सुरुवात करणाऱ्यांसाठी

शेअर विकत घ्यायचा, भाव वाढला की विकायचा, ही एक पद्धत. दुसरी पद्धत अशी की शेअर हातात ठेवायचे आणि त्यांच्याकडून अधूनमधून रोख पैसे काढत राहायचे. लहान गुंतवणूकदारापुढे त्याचे दोन मुख्य मार्ग आहेत: कंपनीने वाटलेला लाभांश (डिव्हिडंड) आणि आपण विकलेल्या ऑप्शनचा, म्हणजे ठरलेल्या भावाने शेअर घेण्याच्या किंवा विकण्याच्या हक्काचा, प्रीमियम. दोन्ही खात्यात रोखीने जमा होतात, म्हणून दोघांना एकाच दमात ‘उत्पन्न’ म्हटलं जातं. पण लाभांश हा आपल्याच मालकीच्या धंद्यातून बाहेर काढलेला पैसा असतो. प्रीमियम मिळतो तो आपण दुसऱ्याला दिलेल्या वचनाबद्दल. हा फरक डोक्यात पक्का असला की बहुतेक महागड्या चुका टळतात.

पूर्ण लेखात एकच उदाहरण वापरतो. एका काल्पनिक कंपनीचे १०० शेअर, भाव ५००, म्हणजे एकूण ५०,००० गुंतवलेले. वर्षाचा लाभांश शेअरमागे २०, दोन हप्त्यांत १०-१०. चलन मुद्दाम लिहिलेलं नाही, आणि दलाली व कर हिशेबातून बाहेर ठेवलेत.

पायरी १: लाभांशाच्या तारखा समजून घ्या

लाभांशाच्या चार तारखा असतात. संचालक मंडळ घोषणा करतं ती पहिली. ज्या दिवशी भागधारकांच्या यादीत नाव असेल त्यालाच पैसे, ती रेकॉर्ड डेट. ज्या दिवसापासून शेअर लाभांशाविना विकला जातो ती एक्स-डेट. आणि शेवटी प्रत्यक्ष पैसे जमा होण्याची तारीख. नवख्या माणसाने लक्षात ठेवायची ती एक्स-डेट. तिच्या आदल्या दिवसापर्यंत शेअर विकत घेतला तर लाभांश तुमचा, त्या दिवशी घेतला तर विकणाऱ्याचा. एक्स-डेट आणि रेकॉर्ड डेट यांच्यात किती अंतर असेल हे त्या बाजारात सौदा किती दिवसांत पुरा होतो यावर ठरतं. जिथे दुसऱ्याच दिवशी सौदा पुरा होतो, तिथे त्या दोन तारखा सहसा एकाच दिवशी येतात.

इथेच पहिली युक्ती सुचते, प्रत्येकाला सुचते: आदल्या दिवशी घ्यायचा, लाभांश खिशात टाकायचा, दुसऱ्या दिवशी विकायचा. चालत नाही. लाभांश १० असेल तर एक्स-डेटला शेअर साधारण १० ने खालीच उघडतो. कंपनीच्या तिजोरीतून तेवढी रोकड जाणार हे सगळ्यांना माहीत असतं. त्या दिवशीचे बाजाराचे इतर चढउतार त्यात मिसळतात म्हणून आकडा नेमका १० दिसत नाही, एवढंच. या खिशातले त्या खिशात गेले, आणि वर कर व दलाली भरावी लागली.

मग लाभांशाला अर्थ काय? अर्थ आहे, पण तो धंद्यात आहे. कंपनी दरवर्षी नवा नफा कमावते, त्यातला काही भाग वाटते आणि उरलेल्यातून वाढते. वर्षभरात ती २० पेक्षा जास्त कमावत असेल तर २० वाटूनही ती पूर्वीपेक्षा मोठी होते. कमावत नसेल तर ती तुम्हाला तुमचंच भांडवल हप्त्याहप्त्याने परत करते आहे.

पायरी २: यील्ड पाहून भुलू नका

लाभांश भागिले भाव म्हणजे डिव्हिडंड यील्ड. आपल्या उदाहरणात २० भागिले ५००, म्हणजे ४ टक्के. हा शेअर कोसळून २५० वर आला तर कागदावर यील्ड ८ टक्के दिसेल. कंपनीने काहीही वाढवलेलं नाही, फक्त भाव पडलाय. वेबसाइटवर यील्डप्रमाणे यादी लावली की सर्वांत वर नेमक्या अशाच कंपन्या तरंगतात. भाव पडलाय कारण बाजाराला पुढचा लाभांश येईलच याची खात्री उरलेली नाही.

त्यामुळे यील्डच्या आधी तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, पेआउट रेशो: शेअरमागे नफा ४० आणि लाभांश २०, म्हणजे ५० टक्के. हे प्रमाण ९०-१०० टक्क्यांना भिडलं असेल तर एका वाईट वर्षात कात्री लागते. (काही प्रकारच्या कंपन्यांना, उदाहरणार्थ रिअल इस्टेट ट्रस्टना, उत्पन्नाचा मोठा भाग वाटावाच लागतो, तिथे हा निकष तसाच लावू नये.) दुसरी, रोख प्रवाह. नफा हा हिशेबाचा आकडा आहे, लाभांश मात्र रोखीतच द्यावा लागतो. धंद्यातून आलेल्या रोखीतून यंत्रसामग्री वगैरेचा खर्च वजा करून जे उरतं, त्यात लाभांश बसतोय का ते पाहा. बसत नसेल तर तो कर्ज काढून किंवा साठवलेल्या रोखीतून वाटला जातोय. तिसरी गोष्ट, कर्ज आणि त्याच्या परतफेडीच्या तारखा.

लांबलचक इतिहासाचा आधार वाटतो खरा, पण त्यावर भिस्त ठेवू नये. जनरल इलेक्ट्रिकने १९३८ नंतर कधी लाभांश कापला नव्हता. २००९ मध्ये तिमाहीचा लाभांश ३१ सेंटवरून १० सेंट झाला आणि पुढे २०१८ मध्ये तो १ सेंटवर आला. शेलने दुसऱ्या महायुद्धानंतर कधीच कपात केली नव्हती, आणि एप्रिल २०२० मध्ये ४७ सेंटचे १६ सेंट केले. दोन्ही वेळा कपातीच्या घोषणेआधीच शेअर पडू लागले होते. पोर्टफोलिओत लाभांश देणारी एकच कंपनी, किंवा एकाच उद्योगातल्या चार कंपन्या, असं का असू नये ते यातून कळतं. लाभांश देण्याचं बंधन कंपनीवर नसतं. व्याज थकवलं तर सावकार दारात येतो, लाभांश थांबवला तर भागधारक फक्त चरफडतात.

एकदाच मिळणारा ‘विशेष लाभांश’ यील्डमध्ये मिसळला गेला असेल तर तो आधी वेगळा काढा.

पायरी ३: ऑप्शन म्हणजे काय, तेवढंच

जमिनीच्या व्यवहारात इसार देतात, तो आठवा. घेणारा थोडी रक्कम पुढे करून ठरलेल्या मुदतीपर्यंत ठरलेल्या भावाने घेण्याची सोय बांधून ठेवतो. मुदतीत तो फिरकला नाही तर इसार बुडतो. कॉल ऑप्शनचं तसंच आहे, फक्त एक फरक: सौदा झाला तरी प्रीमियम किमतीतून वजा होत नाही, तो विकणाऱ्याचाच. ठरलेला भाव म्हणजे स्ट्राइक, मुदत म्हणजे एक्स्पायरी. पुट हा उलटा हक्क: त्याच्या मालकाला ठरलेल्या भावाने विकता येतं.

विकत घेणाऱ्याकडे हक्क, विकणाऱ्याकडे बंधन. उत्पन्नासाठी ऑप्शन वापरायचे म्हणजे आपण विकणाऱ्याच्या खुर्चीत बसतो. विमा कंपनी हप्ता घेते तसा आपण प्रीमियम घेतो, आणि अपघात झाला तर दावाही आपल्यालाच भागवावा लागतो.

असे करार फार जुने आहेत, पण प्रमाणित स्वरूपात ते बाजारात आले २६ एप्रिल १९७३ ला, शिकागो बोर्ड ऑप्शन्स एक्स्चेंज सुरू झालं तेव्हा. सुरुवातीला फक्त १६ कंपन्यांचे कॉल होते. पुट १९७७ मध्ये आले.

ऑप्शनचा एक सौदा म्हणजे एक लॉट, आणि एका लॉटमध्ये किती शेअर हे बाजारागणिक बदलतं. अमेरिकेत साधारण १००, इतरत्र बरेच जास्त असू शकतात. आपल्या हातातले शेअर एका लॉटएवढे नसतील तर पुढची पायरी आपल्यासाठी नाही. अर्धा लॉट झाकलेला आणि अर्धा उघडा ठेवायचा, असला मधला मार्ग काढू नका.

पायरी ४: पहिला कव्हर्ड कॉल

हातात असलेल्या शेअरवर विकलेला कॉल म्हणजे कव्हर्ड (झाकलेला) कॉल. हातात १०० शेअर आहेत, भाव ५००. महिन्याभराच्या मुदतीचा ५२५ स्ट्राइकचा कॉल ८ ला विकला. खात्यात ८०० जमा. विकण्याआधी तीन शक्यता कागदावर लिहून काढा, दरवेळी.

मुदतीला भाव ५१० असेल तर कॉल निरर्थक संपला. शेअरही तुमचे, ८०० ही तुमचे.

भाव ५८० असेल तर शेअर ५२५ ला जातील. शेअरमागे २५ नफा अधिक ८ प्रीमियम, एकूण ३३. नुसता शेअर धरून बसला असतात तर ८० मिळाले असते. तोटा झाला नाही, पण ४७ सोडून दिले.

भाव ४३० असेल तर? शेअरमागे ७० गेले, ८ आले. निव्वळ ६२ तोटा.

तिसरी शक्यता पुन्हा वाचा. कव्हर्ड कॉलला ‘संरक्षण’ म्हणण्याची पद्धत आहे. ते संरक्षण ८ पुरतं. पडताना जवळजवळ पूर्ण पडायचं आणि चढताना ३३ वर थांबायचं, असा हा सौदा आहे. म्हणून ‘महिन्याला १.६ टक्के, म्हणजे वर्षाला १९ टक्के’ असा हिशेब कोणी मांडला की तो तिथेच थांबवा. त्या गुणाकारात ४३० चा महिना धरलेला नसतो. शिवाय मोठ्या पडझडीनंतर भाव जोरात उसळतो, तेव्हा खाली उतरताना सोबत असलेला हा माणूस वर जाताना स्ट्राइकपाशी अडकतो.

स्ट्राइक कसा निवडायचा? माझा नियम साधा आहे: ज्या भावाला शेअर विकून खरोखर समाधान वाटेल तोच स्ट्राइक. जास्त प्रीमियमच्या मोहाने जवळचा स्ट्राइक विकायचा आणि मग भाव वर गेल्यावर कळवळायचं, हे मी स्वतः केलं आहे. वर्षानुवर्षं ठेवायचा म्हणून घेतलेला शेअर चार पैशांच्या प्रीमियमपायी गेला आणि तोच नंतर चढ्या भावाने परत घ्यावा लागला. जो शेअर विकायचाच नाही त्यावर कॉल विकू नये. इतकं सोपं आहे, तरी शिकायला पैसे मोजावे लागले.

मुदत किती? शेवटच्या काही आठवड्यांत, भावाजवळच्या स्ट्राइकच्या ऑप्शनमधलं वेळेचं मूल्य (मुदत शिल्लक आहे म्हणून मिळणारा प्रीमियमचा भाग) सर्वांत वेगाने विरघळतं, म्हणून विकणारे बहुधा महिना-दीड महिन्याची मुदत पसंत करतात. मात्र कंपनीचे तिमाही निकाल त्या मुदतीत येतात का ते पाहा. निकालाआधी प्रीमियम फुगतात, आणि ते उगाच फुगत नाहीत.

ऑर्डर टाकताना घेणाऱ्याचा भाव ६ आणि विकणाऱ्याचा ९ असं अंतर दिसलं तर मार्केट ऑर्डर (मिळेल त्या भावाने सौदा) टाकू नका, लिमिट (आपण ठरवलेला भाव) लावा. ज्या ऑप्शनमध्ये उलाढालच नाही तिथे प्रीमियमचा मोठा वाटा या अंतरातच झिजतो.

पायरी ५: लाभांश आणि कॉल एकमेकांना भिडतात तेव्हा

ही गोष्ट नवख्यांना सहसा कोणी सांगत नाही. समजा भाव ५६० झालाय, तुम्ही ५२५ चा कॉल विकलाय, मुदतीला दोन आठवडे आहेत आणि उद्या एक्स-डेट आहे. तुमच्या मनात हिशेब असा: उद्या १० लाभांश मिळेल, शेअर गेले तर दोन आठवड्यांनी जातील. आणि सकाळी पाहता तर शेअर गेलेले, लाभांशही गेलेला.

झालं असं की कॉलचा बाजारभाव आदल्या दिवशी ३७ होता. त्यातले ३५ तर ५६० आणि ५२५ मधला सरळ फरक, उरलेले २ वेळेचं मूल्य. कॉल तसाच ठेवला तर एक्स-डेटला शेअर ५५० च्या आसपास येणार आणि कॉलही घसरणार, हे कॉलधारकाला ठाऊक होतं. त्याने आदल्या दिवशीच हक्क बजावला. वेळेचं मूल्य २ सोडलं, लाभांश १० मिळवला.

ओळखायची खूण सोपी आहे: त्याच स्ट्राइकचा, त्याच मुदतीचा पुट पाहा. त्याचा भाव लाभांशापेक्षा स्पष्टपणे कमी असेल तर शेअर आदल्या दिवशी जाण्याची शक्यता मोठी. लाभांश हवाच असेल तर त्याआधी कॉल परत विकत घ्यावा लागेल. हा धोका अमेरिकन पद्धतीच्या ऑप्शनमध्ये असतो, जिथे मुदतीआधी कधीही हक्क बजावता येतो. युरोपियन पद्धतीत तो फक्त मुदतीच्या दिवशी बजावता येतो, भारतातल्या शेअर-ऑप्शनमध्ये आज हीच पद्धत आहे. पण तिथेही लाभांश आयता मिळतो असं नाही: नेहमीच्या लाभांशामुळे भाव पडणार हे धरूनच कॉल थोडा स्वस्त आणि पुट थोडा महाग विकला जातो. मोठ्या विशेष लाभांशाच्या वेळी एक्स्चेंज नियमानुसार स्ट्राइकमध्ये बदल करतं.

थोडक्यात, एकाच शेअरवर लाभांश आणि प्रीमियम अशी दोन उत्पन्नं एकमेकांवर रचता येतात हा समज अर्धाच खरा. बाजाराने पहिल्याचा हिशेब दुसऱ्याच्या भावात आधीच घातलेला असतो.

पायरी ६: पुट विकणं, पैसे बाजूला ठेवून

शेअर अजून घेतलेला नाही, पण ४७५ ला मिळाला तर हवा आहे. मग ४७५ चा पुट ७ ला विकायचा आणि ४७,५०० बाजूला ठेवायचे. भाव वर राहिला तर ७०० आपले. ४२० वर पडला तर शेअर ४७५ ला गळ्यात येतात. प्रीमियम धरून खरेदी पडली ४६८ ला, म्हणजे त्या दिवशी कागदावर ४८ तोटा.

काही जण म्हणतात, कव्हर्ड कॉल सुरक्षित, पुट विकणं मात्र सट्टा. गणित वेगळंच सांगतं. ५०० ला शेअर घेऊन ५२५ चा कॉल ८ ला विकला, की जास्तीत जास्त ३३ नफा आणि ४३० ला ६२ तोटा. आता शेअर न घेता ५२५ चाच पुट विकला. व्याज आणि लाभांश बाजूला ठेवले तर त्याचा भाव ३३ असायला हवा. भाव वर गेला तर नफा ३३. ४३० ला आला तर ९५ उणे ३३, तोटा ६२. तोच आकडा. एकाच स्ट्राइकचे हे दोन सौदे जुळी भावंडं आहेत, फक्त कपडे वेगळे.

फरक पडतो तो उधारीने. पुट विकायला ब्रोकर पूर्ण ४७,५०० मागत नाही, मार्जिन म्हणून त्याचा एक अंश मागतो. तेवढ्याच पैशांत मग चार-पाच पुट विकता येतात, आणि शांत महिन्यांत ते फार हुशारीचं वाटतं. एका मोठ्या घसरणीत सगळे एकदम गळ्यात येतात, वर ब्रोकर मार्जिन वाढवून मागतो. भारतातली बाजार नियंत्रक संस्था सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत इक्विटी फ्युचर्स-ऑप्शनमधल्या ९३ टक्के वैयक्तिक ट्रेडरना तोटा झाल्याचं दिसलं. ते सगळे काही प्रीमियम विकणारे नव्हते, पण या बाजारात शिरताना तो आकडा समोर असलेला बरा. पैसे पूर्ण बाजूला नसतील तर पुट विकू नका. आणि शेअर हातात नसताना उघडा कॉल तर नाहीच, त्यातल्या तोट्याला वरची मर्यादा नसते.

पुट विकायचा, शेअर आले की त्यांवर कॉल विकायचे, ते गेले की पुन्हा पुट, या चक्राला ‘व्हील’ म्हणतात. चाक फिरतं तोवर ठीक. अडतं कुठे ते सांगतो. शेअर ४६८ ला पडलेत आणि भाव ४२० आहे. ४७५ च्या कॉलला आता कोणी फारसं देत नाही, १ मिळतो. ४४० च्या कॉलला ६ मिळतात. ‘उत्पन्न’ चालू राहावं म्हणून ४४० चा विकला आणि पुढच्याच आठवड्यात भाव ४६० झाला: शेअर ४४० ला गेले, प्रीमियम धरून ४४६, आणि २२ चा तोटा पक्का. अशा महिन्यात काहीही न विकणं हाही निर्णय असतो. लाभांश चालू असेल तर निदान तो तरी येत राहतो, म्हणून पुटही फक्त अशाच कंपनीवर विकावा जिचे शेअर पुढे दोन-तीन वर्षं सांभाळायची आपली तयारी आहे.

पायरी ७: वही

नुसती जमा रक्कम लिहिली तर सगळं छान दिसतं. दोन रकाने हवेत: खात्यात आलेली रोख, आणि शेअर धरून एकूण मूल्य. तिसरा असेल तर उत्तम: काहीच न करता तेच १०० शेअर धरून बसलो असतो, लाभांश घेतला असता, तर आज किती असते. वर्षभर हा तिसरा रकाना भरून पाहा. कॉल विकण्याचा खटाटोप फायद्याचा होता का, हे त्याच्याशिवाय कळत नाही.

भाव स्ट्राइकच्या वर गेल्यावर जुना कॉल परत घेऊन पुढच्या महिन्याचा विकणं, म्हणजे ‘रोल’ करणं, वहीत दोन वेगळ्या ओळींत लिहा. ८ ला विकलेला कॉल ५७ ला परत घेतला तर तो ४९ चा तोटा आहे. पुढच्या कॉलचा प्रीमियम कितीही जाडजूड असला तरी ती ओळ खोडू नका.

लाभांश, प्रीमियम आणि शेअर विक्रीचा नफा, तिन्हींवरचा कर बऱ्याच देशांत वेगवेगळ्या नियमांनी बसतो, आणि परदेशी कंपनीच्या लाभांशातून बहुधा तिकडेच काही कापून घेतलं जातं. म्हणून ब्रोकरचं वार्षिक विवरण हाती येण्याची वाट न पाहता पहिल्या सौद्यापासून तारीख, स्ट्राइक, प्रीमियम आणि खर्च लिहून ठेवा. पहिले दोन-तीन महिने तर खरा पैसा न लावता हीच वही फक्त कागदी सौद्यांनी भरा, आणि त्यात एक तरी एक्स-डेट आणि एक तरी तिमाही निकाल येऊ द्या.